बसने कलांकला: मार्सेयच्या समुद्रकाठी पायी फिरणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या दक्षिणेला, मार्सेय हे शहर आणि कासी हे गाव यांच्या मधे चुनखडीच्या पांढऱ्या डोंगरांची एक रांग थेट भूमध्य समुद्रात उतरते. डोंगर चिरत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांना तिथे कलांक म्हणतात. 2012 पासून हा सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यान आहे. युरोपात शिकणारी मुलं, कामानिमित्त आलेले लोक आणि भारतातून फिरायला येणारे ट्रेकर वरचेवर तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. सुरुवातीलाच माझं मत सांगतो. गाडी भाड्याने घेऊ नका. ही जागा शहराच्या बसने जाण्याचीच आहे, आणि बसने गेलात तर ती जास्त चांगली कळेल.

खरंच गाडीशिवाय जमतं का? राष्ट्रीय उद्यान म्हणजे कुठेतरी लांब, आडबाजूला असणार ना?

जमतं, आणि गाडीपेक्षा बरं जमतं. उद्यान मार्सेय शहराला अक्षरशः चिकटून आहे. शहराची साधी बस शेवटच्या थांब्यावर सोडते, तिथून शंभर-दोनशे पावलांवर डांबर संपतं आणि पाइनची झाडं सुरू होतात. जमीन, समुद्र आणि शहराची वेस या तिन्हींना कवेत घेणारं असं दुसरं राष्ट्रीय उद्यान युरोपात नाही.

गाडीवाल्यांचे हाल वेगळेच असतात. सोर्मियू, मोर्जियू आणि कालेलाँग या कलांकांना जाणारे छोटे रस्ते हंगामात बाहेरच्या गाड्यांना बंद असतात. पार्किंग पहाटेच भरतं आणि उभ्या गाड्यांच्या काचा फोडून चोऱ्या होतात. शिवाय गाडी जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. बसने गेलेला माणूस एका कलांकला उतरून दुसऱ्या कलांकवरून घरी येऊ शकतो. पायी फिरणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय कोणती?

मार्सेयला पोचायचं कसं?

पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून वेगवान रेल्वे साधारण सव्वातीन तासांत मार्सेय सँ-शार्लला आणते. विमानाने आलात तर विमानतळावरून सँ-शार्लला थेट बस आहे, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. राहायची जागा मेट्रोच्या जवळ शोधा. कास्तेलान किंवा राँ-प्वाँ द्यू प्रादो या स्थानकांच्या आसपास मिळाली तर उत्तमच, कारण कलांकच्या जवळपास सगळ्या बस तिथूनच सुटतात.

कुठल्या बसने कुठे उतरायचं?

हा सगळ्यात कामाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कास्तेलानहून बी-वन ही मोठी बस ल्युमिनीला जाते. ल्युमिनी म्हणजे विद्यापीठाचा परिसर. सकाळच्या बसमध्ये अर्धे प्रवासी वह्या घेतलेले असतात आणि अर्ध्यांच्या पाठीवर सॅक असते. शेवटच्या थांब्यावर उतरलात की मातीचा रुंद रस्ता जंगलात शिरतो आणि स्युजितों या कलांकच्या वरच्या खिंडीकडे चढतो. पहिल्यांदा येणाऱ्याला मी इथूनच सुरुवात करायला सांगतो. चढ सोपा आहे, वाट चुकणं कठीण, आणि खिंडीत पाऊल टाकलं की समुद्र एकदम समोर येतो.

राँ-प्वाँ द्यू प्रादोहून 22 नंबरची बस बोमेतला जाते, तिथून मोर्जियू. 23 नंबरच्या बसने काय्योलला उतरलात तर सोर्मियू. दोन्हीकडे खाली गावापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि बाजूने पायवाटाही आहेत. उतरायला साधारण तासभर लागतो.

पश्चिमेच्या टोकाला जायचं असेल तर कास्तेलानहून 19 नंबरची बस माद्राग द मोंत्रदोंपर्यंत घ्या आणि तिथे 20 नंबर पकडा. ही छोटी बस समुद्राच्या कडेकडेने वळणं घेत गूद गावातून कालेलाँगला सोडते. खिडकीतून एका हाताला पांढरे कडे आणि दुसऱ्या हाताला मैर बेट दिसतं. मला विचाराल तर या वीस नंबरच्या बसचा प्रवास हाच अर्धा ट्रेक आहे. बस मात्र लहान असते, आणि रविवारी संध्याकाळी परतताना थांब्यावर बरीच गर्दी होते. एक-दोन बस सोडाव्या लागतील असं धरूनच चला.

पूर्वेकडून, म्हणजे कासीच्या बाजूने यायचं असेल तर सँ-शार्लहून तुलाँच्या दिशेची लोकल रेल्वे घ्या. कासी स्थानक पंचवीस-तीस मिनिटांवर आहे. पण स्थानक गावापासून तीनेक किलोमीटर वर, द्राक्षांच्या मळ्यांत आहे. खाली गावात जायला छोटी बस असते. तिची वेळ जुळली नाही तर उताराने पायी जा. येताना मात्र चढ आहे आणि पाय दमलेले असतात, तेव्हा परतीच्या बसची वेळ सकाळीच बघून ठेवा.

तिकिटाचं सोपं आहे. शहराचं एकच तिकीट मेट्रो, ट्राम आणि बसला चालतं आणि ठरावीक वेळेच्या आत बदलून जाता येतं. दिवसभर फिरायचं असेल तर दिवसाचा पास घ्या. कासीची रेल्वे मात्र वेगळी, तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. वेळापत्रक शाळांच्या सुट्ट्या आणि ऋतूंप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या रात्री एकदा बघाच.

उद्यानात शिरायला तिकीट आहे का? परवानगी लागते का?

तिकीट नाही, प्रवेशद्वार नाही, नोंदवहीही नाही. अपवाद फक्त स्युजितोंचा, तोही उन्हाळ्यात.

2022 च्या उन्हाळ्यापासून स्युजितोंच्या किनाऱ्यावर गर्दीच्या दिवसांत रोज फक्त 400 लोकांना सोडतात. त्याआधी एका दिवसात अडीच हजारांपर्यंत लोक उतरायचे. आरक्षण फुकट आहे, उद्यानाच्या संकेतस्थळावर काही दिवस आधी सुरू होतं, आणि वाटेवर रक्षक मोबाइलवरचा कोड आणि ओळखपत्र तपासतात. जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत कुठल्या तारखांना हा नियम आहे ते दरवर्षी जाहीर होतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर रोजच असतो असं समजा.

काहींना हा जाच वाटतो. त्यांनी स्युजितोंच्या शेवटच्या उतारावर पाइनच्या झाडांची मुळं बघावीत. माती इतकी झिजून गेली आहे की मुळं जमिनीच्या वर उघडी पडली आहेत आणि लोक त्यांनाच पायऱ्या समजून उतरतात. माती धरून ठेवणारी रोपटी पावलांखाली चिरडली जातात, मग पाऊस आला की उरलेली माती समुद्रात जाते आणि कोवळ्या पाइनला रुजायला काही उरत नाही. 400 हा आकडा माती सावरावी म्हणून आहे. आरक्षण मिळालं नाही तर वरच्या सज्जापर्यंत जा. तिथून दिसणारं दृश्य खालच्यापेक्षा कमी नाही, उलट जास्तच आहे.

उन्हाळ्यात डोंगर बंद असतो म्हणतात, ते काय?

वणव्यामुळे. 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात डोंगरात जायला मिळेल की नाही हे रोज ठरतं. दुसऱ्या दिवसाची स्थिती आदल्या संध्याकाळी रंगात जाहीर होते. लाल असेल तर बंद. मग तुम्ही मुंबईहून आलेले असा की शेजारच्या गल्लीतून, फरक पडत नाही. उद्यानाचं 'मे कलांक' नावाचं मोबाइल ॲप आहे, त्यात हे कळतं.

हा निर्णय हवेवर अवलंबून असतो, विशेषतः मिस्त्राल वाऱ्यावर. रोन नदीच्या खोऱ्यातून खाली येणारा हा कोरडा, थंड वारा एकदा सुटला की दिवसचे दिवस थांबत नाही. आकाश लख्ख निळं असतं, आपल्याला वाटतं काय सुंदर दिवस आहे, आणि नेमका तोच दिवस बंद असतो. आलेप्पो पाइनमध्ये राळ भरलेली असते, खालचं रोझमेरीचं झुडूप उन्हाने कडकडीत वाळलेलं असतं. अशा वाऱ्यात ठिणगी पडली तर आग माणसाच्या पळण्यापेक्षा वेगाने चढते, आणि कलांकच्या तळाशी असलेल्या माणसाला समुद्राखेरीज वाट नसते.

बारा महिने लागू असलेले नियमही सांगून टाकतो: डोंगरात सिगारेट नाही, चूल किंवा स्टोव्ह नाही, तंबू नाही, ड्रोन नाही. वर चहा टाकायची आपली सवय इथे घरी ठेवून यावी लागते. थर्मास आणा.

मग जावं कधी?

मार्च ते मे, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. वसंतात रोझमेरी फुललेली असते, मधमाश्यांचा आवाज वाटभर साथ देतो. शरदात समुद्र अजून उबदार असतो. हिवाळाही वाईट नाही, मिस्त्राल नसेल तर जानेवारीतली दुपारसुद्धा सदऱ्यावर काढता येते, फक्त दिवस लहान असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी, आरक्षण आणि बंदी या चौघांशी एकदम झुंजावं लागतं. सुट्टी तेव्हाच असेल तर पहिल्या बसने निघा आणि अकराच्या आत परत फिरा.

पाणी वाटेत मिळतं का?

नाही. कुठेच नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्या लोकांना हे पटकन पटत नाही. आपल्याकडे गडावर खडकात कोरलेलं टाकं सापडतं, नाहीतर खालच्या वाडीतली कुणी मावशी कळशीतलं पाणी देते. बसाल्टच्या खडकावर पाणी ठरतं. कलांकचा डोंगर चुनखडीचा आहे. पडलेला पाऊस भेगांतून थेट आत जातो आणि समुद्राच्या तळाशी कुठेतरी बाहेर पडतो. कासीजवळच्या पोर-मियू कलांकला तर पाण्याखाली अख्खी नदी समुद्राला मिळते, आणि वर डोंगरावर एक ओहोळ नाही.

माणशी दोन लिटर थंडीत, तीन लिटर उन्हाळ्यात. बाटल्या शहरातच भरून घ्या. पांढरा खडक ऊन खालूनही परत फेकतो, त्यामुळे टोपी घातली तरी हनुवटी भाजते. वाटेत थकवा आला, डोकं ठणकू लागलं, तर पुढच्या कलांकचा मोह सोडून मागे फिरा. तिथल्या बचाव पथकाला बोलावलं जातं त्यात पाणी संपलेले आणि उन्हाने कोसळलेले लोक नेहमीचेच असतात.

कुठली वाट कुणासाठी?

आईबाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर कासीच्या बंदरातून पोर-मियूपर्यंत जा. अर्ध्या तासाची वाट, पाण्यावर एकाला एक लागून उभ्या होड्या, आणि जुन्या दगडखाणीच्या खुणा. उत्साह असेल तर पुढे पोर-पँ, तिथे पाइनच्या सावलीत छोटी पुळण आहे. एकूण तासभर. मार्सेयच्या बाजूने कालेलाँग ते मार्सेयव्हेरची पुळण हीसुद्धा तासाभराची वाट आहे. मोठा चढ नाही, पण खडबडीत आहे आणि सावली जवळजवळ नाहीच.

आँ-वो या कलांकचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात: दोन उभे कडे, मधे हिरवंनिळं पाणी. पोर-पँहून पुढे तिथे जाता येतं. पण शेवटचा उतार तीव्र आहे आणि लाखो पावलांनी घासून तिथला दगड संगमरवरासारखा गुळगुळीत झाला आहे. वाळलेला असतानाही बूट सरकतो. पावसानंतर जाऊच नका. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी आँ-वो वरूनच बघावं, कड्यावरून ते जास्त देखणं दिसतं.

अर्ध्या दिवसाचा माझा आवडता रस्ता म्हणजे ल्युमिनीला उतरायचं, स्युजितों खिंड चढायची, खाली उतरून किनाऱ्याच्या वाटेने मोर्जियूला जायचं आणि बोमेतहून 22 नंबरने परत यायचं. मधे छोटी लोखंडी शिडी आणि थोडा हाताचा आधार घ्यायचा भाग आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांची सवय असलेल्याला त्यात काही वाटणार नाही, उंचीची भीती असलेल्याने मात्र टाळावा. मोर्जियूला मच्छीमारांच्या बैठ्या खोल्या आहेत, दारात जाळी वाळत असतात. तिथे दहा मिनिटं नुसतं बसा.

भरपूर दम असलेल्या लोकांसाठी ल्युमिनी ते कासी. देव्हांसोंच्या उंच कड्यांवरून आँ-वो, मग पोर-पँ, पोर-मियू, आणि संध्याकाळची रेल्वे. भरपूर चढउतार, सकाळी लवकर निघाल्याशिवाय जमत नाही.

कालेलाँग ते कासी हा पूर्ण रस्ता एका दमात होतो का?

लांब पल्ल्याची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वाट आहे, सुमारे 28 किलोमीटर. अंतर ऐकून हसू नका. अकरा-बारा तास लागतात, आणि वाटेत मुक्कामाला परवानगी नाही. दोन दिवसांत करा. पहिल्या दिवशी कालेलाँगहून सोर्मियू, तिथून चढून काय्योलला 23 नंबर. रात्री गरम जेवण, अंघोळ, गादी. दुसऱ्या दिवशी ल्युमिनीहून कासी. सोर्मियू आणि स्युजितों यांमधला तुकडा उरतो, तो पुढच्या खेपेला. शहराची बस हाताशी असण्याचा फायदा हाच आहे.

खाण्याचं काय? शाकाहारी माणसाचं भागेल का?

वाटेवर काही नाही असं समजून चला. सोर्मियू, मोर्जियूला हंगामात खानावळी उघडतात, पण त्या माशांच्या, आणि महाग. बसला बसण्याआधी पावाच्या दुकानातून 'बागेत' नावाचा लांबडा पाव, चीज आणि टोमॅटो घ्या. घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या असतील तर त्यांची सर कशालाच नाही.

शहरात परतल्यावर पानीस शोधा. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून थंड करतात आणि त्याच्या चकत्या तळतात. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, वर नुसतं मीठ आणि मिरपूड. मार्सेयच्या उत्तरेकडचं लेस्ताक हे त्याचं माहेर. बेसनावर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासातच घरचं वाटेल.

पोहता येईल का?

येईल, पण पाणी थंड असतं. मिस्त्राल सुटला की वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं, त्यामुळे भर जुलैतही अंग शहारतं. कड्यांवरून उड्या मारणारी पोरं दिसतील. त्यांचं बघून उडी मारू नका, पाण्याखाली खडक असतात.

पुळणीवर तपकिरी, फितीसारख्या वाळक्या पानांचे ढीग दिसले तर तो कचरा नाही. ते पोसिडोनियाचं गवत आहे. शेवाळ नाही, फुलणारी वनस्पती आहे, आणि तिची कुरणं समुद्राच्या तळाशी पसरलेली असतात. त्यांत मासे अंडी घालतात, लहान पिल्लं लपतात. वाळलेली पानं लाटांचा मारा झेलून वाळू धरून ठेवतात. त्यावर टॉवेल अंथरून बसायला मऊही असतं.

प्राणी-पक्षी काय दिसतील?

नशीब असेल तर बोनेलीचा गरुड. हा आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरही असतो, त्यामुळे ओळखीचा माणूस परदेशात भेटल्याचा आनंद होतो. फ्रान्समध्ये त्याच्या मोजक्याच जोड्या उरल्या आहेत. वसंतात कड्यांवर गिर्यारोहणाच्या काही वाटा घरट्यांसाठी बंद ठेवतात, त्या पाट्या पाळा. ससाणा जास्त सहज दिसतो.

गूद आणि कालेलाँगच्या बाजूला जमिनीलगत एक गोल, करडं, काटेरी झुडूप आहे, मार्सेयचं अस्त्रागाल. स्थानिक लोक त्याला सासूबाईंची उशी म्हणतात. खारं वारं खाऊन जगणारी ही वनस्पती आता दुर्मीळ आहे. वाट सोडून दोन पावलं बाजूने चाललो की तीच पायाखाली येते. म्हणून वाट सोडू नका, एवढंच मागणं आहे.

कॉस्केरची गुहा बघता येते का?

मूळ गुहा नाही. मोर्जियूच्या भूशिराखाली तिचं तोंड समुद्रसपाटीच्या 37 मीटर खाली आहे. पाणबुड्या आँरी कॉस्केर याला 1985 मध्ये ती सापडली, 1991 मध्ये जाहीर झाली. आत हिमयुगातल्या माणसांनी हातांचे ठसे उमटवले आहेत, घोडे काढले आहेत, शिवाय आज नामशेष झालेला एक समुद्रपक्षीसुद्धा. तेव्हा समुद्र शंभराहून अधिक मीटर खाली होता आणि किनारा कित्येक किलोमीटर लांब. बर्फ वितळलं, पाणी चढलं, दऱ्या बुडाल्या आणि त्यांचे कलांक झाले. मोर्जियूच्या काठावर बसून पाण्याकडे बघताना हे माहीत असलं की त्या निळाईखाली एक दरी दिसू लागते.

गुहेची हुबेहूब प्रतिकृती 2022 पासून मार्सेयच्या जुन्या बंदराजवळ पाहता येते. डोंगर लाल असेल त्या दिवसासाठी ही राखून ठेवा.

सावरकरांनी उडी मारली ते मार्सेलिस हेच ना? ती जागा वाटेवर आहे का?

हेच. 8 जुलै 1910 ला मोरिया बोट मार्सेयच्या बंदरात असताना सावरकर गवाक्षातून निसटले, पोहत धक्क्यावर आले, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पुन्हा बोटीवरच्या ब्रिटिशांच्या हवाली केलं. हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला आणि फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. बंदर शहरात आहे, कलांकच्या वाटेवर नाही. वेगळी संध्याकाळ काढून जुन्या बंदराकडून धक्क्यांच्या बाजूने चाला.

पण त्याच वर्षी, चार महिने आधी, कलांकमध्येही एक गोष्ट घडली होती, ती मराठी माणसाला सहसा ठाऊक नसते. 13 मार्च 1910 ला पोर-मियूच्या दगडखाणीविरुद्ध सुमारे तीन हजार लोक जमले. बोलावणारी मंडळी होती मार्सेयचा पायी फिरणाऱ्यांचा क्लब. निसर्ग वाचवण्यासाठी फ्रान्समध्ये झालेल्या अगदी सुरुवातीच्या निदर्शनांत त्याची गणना होते. पुढे 1923 मध्ये बचाव समिती, 1975 मध्ये संरक्षित स्थळाचा दर्जा, आणि शंभर वर्षांनी उद्यान. हे डोंगर आज मोकळे आहेत ते रविवारी पायी फिरायला येणाऱ्या साध्या लोकांमुळे. आपणही त्यांच्याच वाटेवरून चालतो.

माझार्गच्या भारतीय स्मारकाबद्दल ऐकलं आहे, ते कुठे?

ल्युमिनीच्या वाटेवरच, माझार्ग भागात. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या शरदात भारतीय सैन्याची पहिली तुकडी मार्सेयलाच उतरली. लाहोर डिव्हिजनसोबत खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्याही होत्या. पुढे मार्सेय हाच भारतीय फौजेचा फ्रान्समधला तळ होता. इथे मरण पावलेल्या शिपायांच्या कबरी आणि दहन झालेल्यांचं स्मारक माझार्गच्या युद्ध दफनभूमीत आहे. जाताना किंवा येताना अर्धा तास काढा. पुण्याहून येणाऱ्यांनी तर काढाच.

बूट कसले? काठी लागते का? मोबाइल चालतो का?

घट्ट पकड असलेले बूट, चपला नकोत. काठी उतरताना कामाला येते. मोबाइलला कड्यांच्या तळाशी बहुतेक ठिकाणी रेंज नसते, नकाशा आधी उतरवून घ्या आणि कुठे चाललो ते घरी कळवून ठेवा. तातडीच्या मदतीसाठी 112, समुद्रावर अडचण आली तर 196.

एकटीने जाणं सुरक्षित आहे का?

हो. दिवसा वाटांवर माणसं असतात, बरेच स्थानिक एकटेच फिरतात, आणि भेटणारा प्रत्येक जण 'बाँजूर' म्हणतो. तुम्हीही म्हणा. काळजी घ्यायची ती अंधाराची आणि घसरण्याची. सँ-शार्ल आणि मेट्रोत पाकीट सांभाळा, ते कुठल्याही मोठ्या शहरात सांभाळतोच.

घरच्यांना चालणं शक्य नाही. त्यांना काही दाखवता येईल?

मार्सेयच्या जुन्या बंदरातून आणि कासीहून कलांक दाखवणाऱ्या बोटी सुटतात. समुद्रावरून कडे फार उंच वाटतात, ते दृश्य चालणाऱ्यालाही मिळत नाही. जुन्या बंदरातूनच फ्रिऊल बेटांना बोट जाते. तीही राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहेत, उतरल्या उतरल्या सपाट रस्ता मिळतो आणि बसून समुद्र बघायला जागा असते. मिस्त्रालच्या दिवशी बोटी रद्द होतात. म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर बोट ठेवू नका, पहिल्या चांगल्या दिवशीच त्यांना नेऊन आणा.